ज्वारी न देणारं घर

"थूको ना, दादा!"

अफ्रीननं प्लास्टिकची बोटभर नळी आजोबांच्या तोंडापुढं धरली होती. लालमियाँनी गाल हलवले, ओठ आवळले, डोळे वटारले, पण तोंडाला नुसती कोरड. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पानाची पिंक कधी नालीबाहेर पडू दिली नाही, त्याला आज थेंबभर थुंकता येईना.

"पान नहीं तो थूक कैसा आएगा?" ते कुरकुरले.

"अर्धा घंटा पान बंद. कागद पे लिखा है."

अफ्रीन जालन्याला लॅबचा कोर्स करत होती. थुंकीतून नातेवाईक शोधायचं खूळ तिचंच. पण त्या खुळामागं आजोबांचं जुनं दुखणं होतं, आणि ते त्यांनी घरात फक्त तिलाच सांगितलं होतं.

लालमियाँ तीर्थपुरीचे मनियार. डोक्यावर बांगड्यांची पेटी घेऊन त्यांनी आजूबाजूची सगळी गावं पालथी घातली. हा धंदा त्यांना शिकवला अम्मीनं, सुगराबीनं. बाईचा हात हातात घेऊन हाडं अशी हलकेच दाबायची की बांगडी चढल्याचं तिला कळूसुद्धा नये. सुगराबीला दुसरं मूलबाळ नव्हतं. लालूला ताप आला की ती त्याच्या उशाशी बसून राहायची आणि तो बरा झाला की मग स्वतः आजारी पडायची. आपण तिच्या पोटचे नाही, अशी शंकासुद्धा लालमियाँना कधी आली नाही.

ती गेली त्या दिवशी मात्र तिनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, "तू मुझे सूप में मिला रे, लालू..." पुढचं खोकल्यात गेलं. त्यानंतर तिला वाचा फुटलीच नाही.

सुपात मिळाला! सुपातून काय जातं, तर कोंडा, खडे, केरकचरा. लालमियाँनी मनाशी चित्र रंगवलं: कुणीतरी आपल्याला फुटक्या सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं आणि अम्मीनं उचललं. अम्मीच्या उपकारानं त्यांचा ऊर भरून यायचा, पण पाठोपाठ ती बोच यायचीच. आता ऐंशी उलटली होती. ते अफ्रीनला म्हणायचे, "मुझे और कुछ नको. फेका या दिया, इतना मालूम होना."

अफ्रीननं आधी कागदपत्रांची वाट धरली. शाळेच्या दाखल्यावर बापाचं नाव सुगराबीच्या नवऱ्याचंच निघालं. तहसीलमधल्या नागसेन नावाच्या भल्या कारकुनानं धूळ खात पडलेली निजामाच्या काळातली मृत्यूची नोंदवही शोधून दिली. ती उर्दूत होती, म्हणून लालमियाँ स्वतः चष्मा लावून वाचायला बसले. पटकीच्या साथीत गेलेल्या माणसांची नावं पानंच्या पानं होती. ते वही मिटून म्हणाले, "यात सगळे मेलेले हायत, बाबा. टाकलेलं कुणीच न्हाई."

मग राहिली थुंकी. अफ्रीननं चिंचेचा तुकडा नाकापुढं धरला, तेव्हा कुठं ती नळी भरली.

दोन महिन्यांनी पुण्याहून फोन आला. तृप्ती नावाच्या मुलीनं ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर हौसेनं अशीच तपासणी केली होती, आणि तिच्या यादीत लालमियाँ जवळचे नातलग म्हणून आले होते. तिनं आईला नाव वाचून दाखवलं, तर आई आधी रडली आणि मग म्हणाली, "गाडी कर. आत्ताच्या आत्ता तीर्थपुरीला जायचं."

ती आई दारात उभी राहिली, तेव्हा लालमियाँनी तिला डोळ्यांआधी हातांवरून ओळखलं. रुंद मनगट, अंगठ्याच्या बुडाशी वाकडं हाड.

"द्वारका? जांबच्या रामराव पाटलाची?"

"व्हय मामा."

"तुझ्या लग्नाचा चुडा मीच भरला व्हता की!"

"तुम्हीच भरल्ता." ती खाली बसली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. "मामा म्हणून राह्यले इतकी वर्षं. मामा न्हाई, काका हाव तुम्ही माझे. माझ्या बापाचे, अण्णाचे, सख्खे धाकटे भाऊ."

लालमियाँचा हात तिच्या डोक्यावर गेला तो तिथंच राहिला. जांबची यात्रा, रामराव पाटलांचं दार, ओट्यावर बसलेला तो अबोल माणूस. जन्मभर त्या दारात गेलो, पाणी प्यालो, आणि तो आपला भाऊ होता! त्यांनी विचारलं ते एवढंच.

"मला टाकलं का दिलं?"

"टाकतील कशाला, काका?" द्वारकाबाई ताठ झाली. "अण्णाच्या पाठीवरची तीन लेकरं गेल्ती. तुम्ही झाला तव्हा आजीनं तुम्हाला सुपात घातलं अन् सुगराबीच्या पदरात दिलं. तशी रीतच व्हती. लेकरू जगत नसलं की दुसऱ्याचं करायचं, अन् पाचव्या दिवशी सूपभर ज्वारी देऊन परत घ्यायचं. मंग काळ फसतो म्हणायचे."

"मंग? घ्यायला न्हाई आले?"

"चौथ्या दिवशी आजी पटकीनं गेली. मागून आजोबा. अण्णा धा वर्षांचा, त्याला मामानं नेलं."

अफ्रीन आजोबांजवळ येऊन बसली. द्वारकाबाईनं डोळे पुसले आणि पुढचं सांगितलं. रामराव मिसरूड फुटल्यावर गावी परतला, तो पहिल्यांदा सूपभर ज्वारी घेऊन याच दारात आला. भावाला न्यायला. सुगराबीनं त्याला ओळखलं. झोपलेल्या लालूला उठवलं, तोंड धुतलं, नवा सदरा घातला. "ले जा बेटा, तेराच है," म्हणाली. पण सदऱ्याची गुंडी काही तिला लावता येईना, इतके हात थरथरत होते. रामराव ते बघत उभा राहिला, आणि सूप काखेत मारून आल्या पावली परत गेला.

"अण्णा जाता जाता बोलला तिला, मौसी, आमच्या घरातून तुझ्या घरात ज्वारीचा दाणा येणार न्हाई. कधीच न्हाई."

लालमियाँनी डोळे मिटले. सुगीत सगळी गावं बांगड्यांची किंमत खळ्यावर ज्वारीनं चुकवायची. कुणी पायली, कुणी सूपभर. एकटं रामराव पाटलाचं घर ज्वारी द्यायचं नाही. खळ्यावर रास पडलेली असली तरी पाटील आत जाऊन रोकडा आणायचा. लालमियाँ घरी येऊन हसायचे, "अम्मी, इतना बडा किसान, पन ज्वारी हात से सुटती नहीं!" आणि सुगराबी पदरात तोंड लपवून दुसरीकडं बघायची. हसते आहे, असं त्यांना वाटायचं.

"किती कंजूस म्हणलो गं मी त्याला," ते म्हणाले आणि रडायला लागले. लहान मुलासारखे, आवाज करून रडले. अफ्रीननं अडवलं नाही. दुःखाचं रडणं नव्हतं ते. एकीनं दिलं, एकीनं वाढवलं आणि एकानं हक्क असून मागितलं नाही. एवढे तीन जण आपल्यापायी झिजले हे त्यांना आज कळत होतं.

द्वारकाबाईनं पिशवीतून एक गाठोडं काढलं. "अण्णा मरताना म्हणून गेला, त्यानं आपणहून विचारलं तर सांग, अन् ही पुढं ठेव. घ्यायची का न्हाई, ते त्याचं तो ठरवील." गाठ सोडताना चार दाणे चटईवर सांडले. पांढरीशुभ्र ज्वारी होती.

लालमियाँनी ओंजळभर उचलली, नाकाशी नेली, डोळ्यांना लावली. मग सगळी परत फडक्यात सोडली.

"घरी ने, पोरी. सुगराबीनं गुंडी लावली न्हाई अन् तुझ्या बापानं ज्वारी दिली न्हाई, म्हणून मी हाव. भाऊ म्हणून त्याला जिथं जाळलं तिथं माथा टेकायला येतो उद्या. पण सौदा मोडायचा न्हाई."

मग त्यांनी माळ्यावरची जुनी पेटी अफ्रीनला काढायला लावली. द्वारकाबाईच्या रुंद मनगटात हिरव्या बांगड्या एक एक करून चढल्या. एकही तडकली नाही.

"किती झाले, काका?"

"रोकडाच दे बरं का!"

ती हसत रडत पर्स चाचपू लागली. तिनं दिलेली नोट त्यांनी बोहनीसारखी कपाळाला लावली. मग गुडघे टेकून चटईवरचे सांडलेले दाणे वेचले आणि फडक्यात टाकून स्वतः गाठ मारली.

गाडी गेली. दुपार कलल्यावर असरच्या नमाजासाठी ते चटई झटकायला गेले, तर काठाच्या विणीत एक दाणा अडकलेला दिसला.

नमाज झाल्यावर ते कब्रस्तानात गेले. सुगराबीच्या उशाशी बसून त्यांनी मूठ उघडली.

"अम्मी, ये एकच रह गया था घर में," ते म्हणाले. "तू बोल, क्या करूँ?"

तो दाणा तिच्या मातीवर ठेवून, पाखरू येऊन टिपेपर्यंत ते तिथंच बसून राहिले.