स्थगिती मिळालेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. नदीत नाही, काठावर आहे, आणि तीही पालथी. हल्ली माझ्या पाठीवर शेळ्या चढून बसतात. मी त्यांना काही म्हणत नाही. कोणीतरी बसते, हेच खूप आहे.

मला घडवणारा सुतार फार चोखंदळ होता. प्रत्येक फळी तो टकटक करून ऐके आणि नापसंत पडली तर सरळ चुलीकडे धाडी. मी नगरपालिकेची झाले आणि एका नावाड्याच्या हाती आले. शाळेची मुले, भाजीवाल्या, पेपर तपासत बसणारे एक गुरुजी, सगळ्यांना मी पलीकडे नेले. नावाड्याची थोरली बहीण पलीकडेच राहायची. तिचे यजमान गेलेले, नजर अधू झालेली. दुपारची फेरी झाली की नावाडी तिच्याकडे जेवायला जाई आणि उशीर केल्याबद्दल रोज बोलणी खाई. पुलावरून वळसा घालायचा तर अख्खा दिवस मोडे, आणि नावाड्याच्या दुखऱ्या गुडघ्याला बसच्या पायऱ्या झेपत नसत. त्या दोघांना जोडणारी होते ती फक्त मी.

एकदा नगरपालिकेने मला विकायचा ठराव केला. आता हे नीट समजून घ्या. गावाचे निर्णय नगरपालिका घेते, पण ते कायद्याला धरून आहेत का, हे पाहायला राज्याचे एक कार्यालय असते. चुकीचा ठराव ते थांबवू शकते. त्याला स्थगिती म्हणतात. तेव्हाचे अधिकारी स्वतः आले. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्यात बसले, पलीकडे जाऊन आले, भाजीवाल्यांशी बोलले आणि त्यांनी माझी विक्री थांबवली. आपल्या डोक्यावर कोणी वडीलधारे आहे, असे मला त्या दिवशी वाटले.

पुढे माझे सांधे सैल झाले. नगरपालिकेने दुरुस्तीचा ठराव केला. मला काठावर ओढले, जुने डांबर खरवडले, फटी बुजवायला सांध्यांत ठासलेला ताग उपसून काढला. आणि नेमकी तेव्हाच स्थगिती आली. त्या ठरावाच्या मतदानात हरलेल्या एका सदस्याने तक्रार केली होती, की होडी चालवणे हे नगरपालिकेचे काम आहे का? विचारायला हरकत नव्हती. पण नव्या अधिकाऱ्यांनी कार्यालयातूनच हुकूम धाडला, की सुनावणी होईपर्यंत सगळे ‘जैसे थे’ ठेवावे. आणि मी तर उघडीबोडकी, उन्हात.

आम्हा लाकडी होड्यांचा जीव पाण्यात असतो. ओल्या फळ्या फुगून एकमेकींना घट्ट धरतात. कोरड्या पडल्या की आकसतात, तडकतात. नावाडी हे जाणून होता. मला ओली पोती पांघरायची परवानगी मागायला तो नगरपालिकेच्या कारकुनाकडे गेला.

“पाणी मारलंस तर ती जैसे थे कशी राहील?” कारकून म्हणाला.

“साहेब, नाही मारलं तर कशी राहील?”

कारकून वाईट नव्हता, घाबरट होता. त्याने चष्मा पुसला आणि समजावले, की होडीला हात लावलास तर तक्रारदार फोटो काढेल, हुकूम मोडला म्हणेल आणि निकाल आपल्या विरुद्ध जाईल. नावाड्याला ते पटले. मला वाचवायचे म्हणून त्याने मला हात लावला नाही. नदी चार पावलांवर वाहत होती आणि तो नुसता उभा राही, आपली सावली माझ्यावर पडेल असा.

सुनावणी पुढे गेली. अधिकारी बदलले, ती पुन्हा पुढे गेली. दुपारी बहीण पलीकडच्या काठावर काठी टेकत येई.

“होडी कधी सुरू होणार रे?” ती ओरडून विचारी.

“होईल ताई, होईल,” हा इकडून सांगे.

अखेर निकाल लागला. नगरपालिकेचे बरोबर होते. कारकून धावत काठावर आला, पोरे नाचली. सुतार म्हातारा झाला होता. त्याने माझ्या फळ्यांवरून हात फिरवला आणि मान हलवली. सांधे भरता येतात, पण फाटलेल्या फळ्यांना काय करणार, म्हणाला. नावाड्याने ऐकले नाही. त्याने मला पाण्यात लोटले. ज्या पाण्याने मला जन्मभर उचलून धरले, ते चहूकडून आत शिरले. तो बादलीने उपसत राहिला. पाणी त्याच्या कमरेला लागले तेव्हा लोकांनी आम्हा दोघांना बाहेर ओढले.

पलीकडे ताईने गलका ऐकला. तिचा चेहरा उजळला.

“निघालास का रे?”

नावाडी निथळत उभा होता. “आज नाही जमलं, ताई.”

“मग उद्या ये. मी थांबते.”

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणीतरी मोठेपणी अशा खुर्चीवर बसेल. चुकीचे काही दिसले तर जरूर थांबवा. पण जे थांबवले, ते एकदा जाऊन बघा. त्याच्यावर ऊन पडले आहे का, त्याला पाणी हवे आहे का, एवढे तरी विचारा, आणि मग लवकर काय ते ठरवा. तुमचा कागद वाट पाहू शकतो. पलीकडच्या काठावर उभे असलेले माणूस किती दिवस पाहील?