फाटकापर्यंतची दोरी

मित्रांनो, आधी तक्रार सांगून टाकते. पोटात ठेवली की मला पीळ पडतो, आणि पीळ माझ्यात आधीच पुष्कळ आहे.

तक्रार इंजिनमामाची. हे नाव पोरांनी ठेवलेलं. माणूस मालाची गाडी चालवतो, बहिणीकडे राहतो. भाचीला शाळेत सोडता सोडता गल्लीतली सगळीच पोरं सोडायचं काम त्याने आपणहून अंगावर घेतलं. इथवर त्याचं कौतुकच आहे. पण सकाळी माझं पुढचं टोक मुठीत आलं की हा गडी असा सुटायचा, जसं काही मागे पोरं नाहीत, विटा बांधल्यात! पोरांचे पाय लटपटायचे, दप्तरं पाठीवर नाचायची. शेवटाला चालणाऱ्या चष्मेवाल्या आजी धापा टाकत ओरडायच्या, "अरे मेल्या, शाळा काय पळून चाललीय?"

"आजी, माल उतरवायचाय, गिऱ्हाईक खोळंबलंय!" हे त्याचं ठरलेलं उत्तर. आणि पुन्हा एक हिसका.

मी एक जुनी दोरी आहे. हो, दोरीच. नाक मुरडू नका. सुती आहे, तीन पेडांची, चांगली अंगठ्याएवढी जाड. एका म्हाताऱ्याने मला हाताने वळलं. वळता वळता तो तळहाताला थुंकी लावायचा आणि पुटपुटायचा, "सैल वळलेली दोरी आणि सैल दिलेला शब्द, दोन्ही ऐनवेळी दगा देतात." माझं शिक्षण म्हणाल तर एवढंच. पुढे इतकी वर्षं रोज शाळेत गेले, पण फाटकापर्यंत. आतला फळा काळा असतो म्हणे. मी पाहिलेला नाही.

तरुणपणी मी कापडाच्या गाठोड्यांना बांधून गावोगाव हिंडले. अशाच एका गाठोड्याबरोबर शिवणकाकूंच्या दुकानात आले. काकूंनी मला सोडलं, गुंडाळलं आणि बाजूला टाकलं. टाकण्यातही रीत असते, त्यांनी खुंटीवर टाकलं, म्हणून मी रागावले नाही.

त्या वेळी शाळेच्या वाटेचा सगळ्यांनाच घोर होता. शाळा मोठ्या रस्त्यापलीकडे. सकाळी सगळ्यांची घाई एकाच वेळची. कुणाची आई कारखान्यात, कुणाचा बाप रात्रपाळी करून डोळे चोळत घरी येणारा. पोरं एकेकटी रस्ता ओलांडायची आणि घरच्यांचा जीव टांगणीला लागायचा. शेवटी बायका काकूंच्या दुकानात जमल्या. एक म्हणाली, "एकेकीने एकेक पोर सोडण्यापेक्षा दोघांनी मिळून सगळी सोडावीत." दुसरी म्हणाली, "अगं, पण पोरं म्हणजे फाटक्या पिशवीतले वाटाणे. धरून कशी ठेवायची?"

काकूंची नजर खुंटीवर गेली. तिथे मी होते.

मग प्रत्येक घरातून कापडाचा तुकडा आला. बापाच्या जुन्या पँटचा, आईच्या ओढणीचा, आजीच्या उशीच्या अभ्र्याचा. काकूंनी त्या तुकड्यांच्या मऊ कड्या शिवल्या आणि माझ्या अंगावर ओळीने पक्क्या केल्या. प्रत्येक पोराने आपल्या घरच्या कापडात हात घालायचा आणि चालायचं. काकूंच्या नवऱ्याने विचारलं, "ही काय, पोरांना हातकडी?"

"कापड उरलंय थोडं," काकू म्हणाल्या. "द्या तुमचाही हात."

अशी मी कामाला लागले. एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मध्ये पोरं. गवंडी आला, परिचारिका आली, घरी बसून कंटाळलेले निवृत्त पोस्टमन आले. कुणाला कुणी बोलावलं नाही. ज्याला सकाळचा तास मोकळा, त्याने टोक धरायचं. शाळेच्या मोठ्या बाईंनी एका सभेत मला टेबलावर ठेवून दाखवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान ताठ ठेवली. दोरीला मान कुठे, असं विचारू नका. ज्याला मान ठेवायचा असतो त्याला ती सापडते.

वाईट दिवसही आले. मोठ्या सुट्टीत कुणी माझ्यावर ओल्या गाद्या वाळत टाकल्या. एकदा माझ्या जागी नायलॉनची भडक नारिंगी दोरी आणली. नवी नवरी जशी! आठवडाभरात पोरांच्या तळहातांना फोड आले आणि मला परत बोलावणं आलं. मी फक्त त्या बयेकडे एकदा बघितलं.

आता आमची एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायीच झालं. मूल आजारी असलं, घरी राहिलं, की त्याच्या कडीला गाठ मारायची. उघडी कडी लोंबकळली तर कुणाचा तरी पाय अडकतो. फाटकावरचे काका गाठी बघूनच ओळखायचे, आज कोण आलं नाही. तसं ते आत बाईंना सांगायचे. या रीतीने वर्षानुवर्षं कधी घोटाळा झाला नव्हता.

मग ती धुक्याची सकाळ आली. धुकं असं, की हाताने बाजूला सारावं. त्यात नळाचे पाइप टाकायला रस्ता खणलेला. खड्ड्यावर एक फळी टाकली होती, बाजूला मातीचे ढीग. इंजिनमामाने भाचीला घरातून आणलं आणि शेवटच्या कडीत तिचा हात घातला. ती सगळ्यात लहान, म्हणून सगळे तिला बटण म्हणतात. मामा पुढे गेला आणि निघाला. चालला, असं म्हणत नाही मी. निघाला.

फळीच्या अलीकडे बटणाचा बूट चिखलात रुतला. "मामा, थांब ना," ती म्हणाली. तिचा आवाजही बटणाएवढाच. ती बूट काढायला वाकली, पुढून हिसका बसला आणि तिचा हात कडीतून सुटला. आजी शेवटाला होत्या, पण त्यांच्या चष्म्यावर धुकं बसलं होतं आणि नजर फळीवर. पोर मातीच्या ढिगाशी वाकलेली, आजी पदर तिच्या पाठीवरून जावा इतक्या जवळून पुढे गेल्या.

पलीकडे आल्यावर आजींनी चष्मा पुसला. शेवटची कडी मोकळी लोंबत होती. "अगं बाई, बटण आज आलीच नाही वाटतं. आणि कडी कुणी बांधली नाही!" असं म्हणून त्यांनी गाठ मारली. चांगली घट्ट. त्यांचं काही चुकलं नाही, रीतच होती. पण मित्रांनो, त्या गाठीने मला जे वाटलं ते सांगायला शब्द नाहीत. ओझी वाहिली, ऊन सोसलं, गाद्या सोसल्या. पण अंगावर खोटं बांधलेलं कधी सोसलं नव्हतं. मागे खड्डा, धुकं, मोठा रस्ता. तिथे एक पोर एकटी. हे ठाऊक फक्त मला, आणि मला तोंड नाही. मी अडले, फळीच्या खिळ्याला अंग घासलं, दगडाला वेढा घालायला गेले. मामाने आणखी जोरात ओढलं. "आज फार अडकतेय ही," म्हणाला.

फाटकाशी पोरं आत गेली. मामाने मला गोळा करून खांद्यावर टाकलं. फाटकाजवळच्या खुंटीवर टांगून तो गाडीकडे पळणार होता. काकांनी गाठ पाहिली.

"मामा, भाचीला औषध वेळेवर द्या हं. ताप अंगावर काढू नका."

"कसला ताप?"

"बटणाला बरं नाही ना? गाठ आहे."

"काका, मी स्वतः आणलंय तिला!"

आजींचा हात तोंडावर गेला. "अरे देवा. गाठ मी मारली. मला वाटलं..."

पुढचं ऐकायला मामा थांबला नाही. मला खुंटीवर टांगायचंही भान राहिलं नाही. तो पळत सुटला आणि मी त्याच्या खांद्यावरून घरंगळत, चिखलातून फरफटत त्याच्या मागे. त्या पळण्याबद्दल मी त्याला एक शब्द बोलणार नाही. पहिल्यांदाच त्याची घाई योग्य दिशेने होती.

"बटण! ए बटण!" धुक्यातून काही उत्तर येईना. खड्ड्याशी पोहोचलो तर फळीच्या पलीकडे, घराच्या बाजूला, चिखलात एक छोटासा बूट. नुसताच बूट. मामा खड्ड्यात वाकून बघू लागला.

तेवढ्यात ढिगाच्या पलीकडून एक वैतागलेला आवाज आला. "अहो, ही पोर तुमची का? मघापासून सांगतोय, चल, शाळेत सोडतो. तर हलायचं नाव नाही!"

पाइप टाकणारा एक कामगार कमरेवर हात ठेवून उभा होता. त्याच्यासमोर पाइपाला टेकून बटण एका पायावर उभी. दुसऱ्या पायातला मोजा चिखलाने काळा.

"म्हणते, दोरी येणार आहे," कामगार म्हणाला. "म्हटलं, अगं, दोरी कशी चालत येईल?"

बटणाने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "शिवणकाकूंनी सांगितलंय. हात सुटला तर जिथे आहे तिथेच उभं राहायचं. दोरी परत येते."

मित्रांनो, काकू प्रत्येक नव्या पोराला हे सांगत असत, तेव्हा मी मनात म्हणायचे, बाई, माझ्या वतीने शब्द देतेस, मला विचारलंस का? मी कधी कुणासाठी परत गेले नव्हते. वेळच आली नव्हती. त्या दिवशी मात्र मी चिखलाने माखलेली, केसासारखे धागे उपसलेली, अशी तिच्यासमोर पडले होते. तिला मी दिसले आणि ती हसली. जीव भांड्यात पडला म्हणतात ना, तो माझाही पडला. मामा तर मटकन खालीच बसला आणि तिला पोटाशी धरून रडला. कामगार बिचारा धुक्याकडे बघत राहिला.

मामा तिला उचलायला गेला. ती म्हणाली, "नको. माझी कडी दे."

गाठ भिजून दगड झाली होती. बोटांनी सुटेना. मामाने ती दातांनी सोडवली. तोंडात चिखल गेला, थुंकला, पुन्हा दात लावले. तिने कडीत हात घातला. मग तो पुढे, ती शेवटी, मध्ये सगळ्या कड्या रिकाम्या, अशी आमची वरात निघाली. दर पावलाला तो मागे वळून बघत होता.

फाटकाशी आजी पदराने डोळे टिपत उभ्या होत्या. "माझीच चूक रे बाबा."

"आजी, गाठ तुम्ही मारलीत," मामा म्हणाला. "पण हात मी सोडवला."

त्याच संध्याकाळी काकूंच्या दुकानात सगळ्या जमल्या. गाठ कुणी मारायची, यावर मोप भांडल्या. ठरलं ते असं, की आता गाठ ज्याने त्याने आपल्या उंबऱ्यात, घरच्या माणसानेच मारायची. वाटेत कुणी कुणाची गाठ मारायची नाही. वाटेत मोकळी कडी दिसली तर सगळ्यांनी थांबायचं.

आणि मामा? त्याने मला नळाखाली धुतलं, सावलीत वाळवलं, उसवलेला पेड काकूंकडून शिवून आणला. मित्रांनो, जुन्या वस्तूला एवढंच हवं असतं. काम करून घ्या, पण चिखल वाळू देऊ नका. उसवलं तर वेळेवर टाका घाला. खुंटीवर टांगा, कोपऱ्यात फेकू नका. जी धरून ठेवते तिलाही कुणी धरायला लागतं.

दुसऱ्या दिवशी मामा आला. बटणाची कडी त्याने काकूंकडून पुढच्या टोकाला शिवून घेतली होती, अगदी आपल्या पायाशी. "तू चाल," म्हणाला, "मी तुझ्या चालीने येतो." बटणाची चाल ती! वाटेत मुंगी दिसली तर थांबणारी. गाडी लावलेली होती, माल उतरायचा होता, गिऱ्हाईक बोंबलत असणार. मामाने एकदाही हिसका दिला नाही. फाटक आलं, बटण वळून हात हलवून आत गेली, आणि मामाने मला हळूच खुंटीवर टांगलं.

मी खुंटीवरून मोठ्याने बोलले. त्याला ऐकू गेलं की नाही, त्याचं तो जाणे.

"मामा, इतके दिवस तू नुसता पोहोचत होतास. आज पोहोचवलंस."