चौथा खण

दिनांक १७ ऑगस्ट १९९१, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे. परीक्षेस बसलेले कुत्रे क्रमांक दोनशे तेरा. एकूण खण सहा, उघडलेले तीन. शेरा : अनुत्तीर्ण.

मित्रांनो, ही परीक्षा मी घेतली होती. मी एक जुनी लाकडी पेटी आहे. कुत्र्यांची बुद्धी मोजण्यासाठी मला घडवले गेले. आता मी एका अडगळीच्या खोलीत भिंतीला पाठ लावून उभी आहे आणि मला सांगण्यासारखे बरेच काही उरले आहे.

माझा जन्म एका ओतशाळेशेजारच्या कार्यशाळेत झाला. मला घडवणारे गृहस्थ साचेकार होते. लोखंड ओतण्यापूर्वी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी साचा करावा लागतो. ते काम त्यांनी तेहतीस वर्षे केले. अर्ध्या मिलिमीटरची चूकही त्यांना झोपू देत नसे. सगळे त्यांना काका म्हणत. निवृत्तीनंतर कुत्र्यांना शिकवणाऱ्या एका श्वानकेंद्राने त्यांना विनंती केली आणि काकांनी सोळा दिवसांत मला तयार केले.

माझी रचना साधी होती. पहिल्या खणाचे झाकण नाकाने उचलावे. दुसऱ्याचे बाजूला सरकवावे. तिसऱ्याची दोरी दातात धरून ओढावी. चौथ्याची खुंटी आधी उपसावी आणि मग दोरी ओढावी. पाचवा आणि सहावा याहून अवघड. प्रत्येक खणात उकडलेल्या काळजाचा एकेक तुकडा लपवलेला असे आणि प्रत्येकाला दोन मिनिटे मिळत. एक खण उघडला तरच पुढच्याची पाळी येई. माणसाच्या हाताचा वास दोरीला लागू नये म्हणून खाऊ ठेवण्यासाठी काकांनी माझ्या पाठीला छोट्या झडपा बसवल्या होत्या. त्यामुळे माझ्या दोऱ्या माणसाने हाताने कधीच ओढायच्या नव्हत्या. ही गोष्ट लक्षात ठेवा.

पाच खण मुरलेल्या लाकडाचे झाले. चौथ्याच्या वेळी लाकूड कमी पडले, म्हणून काकांनी नव्या फळीचा तुकडा वापरला. नवे लाकूड दमट हवेत फुगते, हे त्यांना पुरते ठाऊक होते. म्हणून त्यांनी एका जाड कार्डावर सुवाच्य अक्षरांत लिहिले : 'दरमहा मेण लावावे. दरमहा प्रत्येक दोरीची ओढ ताणकाट्याने मोजावी. ओढ सहाशे ग्रॅमच्या वर गेल्यास पेटी वापरू नये.' वरच्या बाजूला चिकटवले तर कुत्री ते चाटून टाकतील, या विचाराने त्यांनी ते कार्ड माझ्या बुडाला चिकटवले.

केंद्रात माझे स्वागत थाटात झाले. जी कुत्री सहाही खण उघडत, त्यांना चालता न येणाऱ्या माणसांच्या घरी मदतनीस म्हणून पाठवत. ती तिथे कपाटे उघडत, पडलेल्या वस्तू उचलून देत. जी अडत, ती मालगोदामाच्या आवारात राखणीला जात. तिथे त्यांच्या वाट्याला दोन मीटरची साखळी येई. पाहुणे येत, माझ्याभोवती उभे राहून टाळ्या वाजवत. वर्तमानपत्रात माझे छायाचित्र आले. परीक्षक बाई माझ्या माथ्यावर हात ठेवून सांगत, "ही पेटी कुणाची भीड धरत नाही." मला ते खरेच वाटे. स्तुती कुणाला कडू लागते?

दोन वर्षे दर महिन्याला मेण लागले. तिसऱ्या वर्षी एका दांडग्या कुत्र्याने मला दोरीसकट दारापर्यंत फरफटत नेले. दुसऱ्याच दिवशी मला चार बोल्टांनी एका जाड फळीवर आवळून टाकले. कार्ड माझ्या आणि फळीच्या मधे गाडले गेले. त्यानंतर मेणाची आठवण कुणालाच राहिली नाही.

मग जे व्हायचे ते झाले. कोरड्या महिन्यांत माझा चौथा खण लोण्यासारखा सरके आणि दहांतली सात कुत्री तो उघडत. पावसाळ्यात तो आवळून बसे आणि दहांतली दोनच दांडगी कुत्री तो उघडू शकत. आकडे नोंदवहीत स्पष्ट होते. बाईंनी ते पाहिलेही. बाई शिस्तीच्या, कष्टाळू. त्यांनी महिन्यागणिक तक्ते मांडले आणि एक निबंध लिहिला. पावसाळी हवेत कुत्र्यांची बुद्धी मंदावते, असा त्याचा निष्कर्ष होता. निबंध छापून आला, त्याला बक्षीस मिळाले आणि त्याची प्रत चौकटीत बसवून माझ्याच समोरच्या भिंतीवर टांगली गेली. माझा दोष असा कुत्र्यांचा स्वभाव ठरला. मला तोंड असते तर तेव्हाच ओरडले असते.

आता क्रमांक दोनशे तेराविषयी सांगते. केंद्रातल्या पिंजऱ्यांची देखभाल करणाऱ्या काकूंनी त्याचे नाव कारकून ठेवले होते. तपकिरी रंग, एक कान दुमडलेला. मिळेल ती वस्तू उचलून कार्यालयाच्या दाराशी नीट रांगेत मांडायची, ही त्याची खोड. पिंजऱ्याची कडी तो स्वतः काढी आणि बाहेर येऊन दार पुन्हा लोटून घेई.

काकूंचा धाकटा भाऊ घड्याळजी होता. एका अपघातानंतर तो चाकांच्या खुर्चीवर आला होता. बारीक स्क्रू नाहीतर चिमटा खाली पडला की कुणीतरी येईपर्यंत त्याचे काम थांबे. गिऱ्हाइके हळूहळू दुसरीकडे वळू लागली होती. तो दर शनिवारी केंद्रात येई आणि मुद्दाम चिमटा खाली टाकी. कारकून तो उचलून त्याच्या मांडीवर ठेवी.

"ताई, माझा माणूस मला मिळाला," तो म्हणे. "रजा मागत नाही, चहा मागत नाही. तुझ्यापेक्षा बरा."

"हो, आणि माझ्यासारखा उलटून बोलतही नाही," काकू म्हणत. "आधी परीक्षा तर होऊ दे."

परीक्षा झाली ती त्या १७ ऑगस्टला. बाहेर तीन दिवस संततधार होती. कुत्र्याला इशारा मिळू नये या नियमाप्रमाणे काकू भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसल्या. कारकुनाने पहिले तीन खण एका मिनिटात उघडले. चौथ्याची खुंटी त्याने नऊ सेकंदांत उपसली आणि बाजूला नीट ठेवली. मग त्याने दोरी ओढली. मी हलले नाही. त्याने पुन्हा ओढली. पाय रोवून, मान वाकवून, हिरडीतून रक्त येईपर्यंत ओढली. मित्रांनो, मी माझ्या परीने सैल व्हायचा प्रयत्न केला, पण फुगलेल्या लाकडाला इच्छा पुरत नाही.

मग त्याने दोरी सोडली. तो काकूंकडे गेला आणि त्यांच्या गुडघ्याला नाक लावले. पुन्हा माझ्याकडे आला, पुन्हा काकूंकडे गेला. काहीतरी बिघडले आहे, हे त्या खोलीत ओळखणारा तो एकटाच होता आणि तो ते सांगत होता. काकूंना वळायची परवानगी नव्हती. बाईंनी लिहिले : 'माणसाच्या तोंडाकडे पाहतो. परावलंबी.' बिघाड ओळखून मदत मागणे हीसुद्धा बुद्धीच आहे; पण नोंदवहीत त्यासाठी रकाना नव्हता.

"बाई, अहो, हा कड्या काढतो हो! दोरीला कसा हरेल?" काकू म्हणाल्या.

"काकू, जीव लावणं वेगळं आणि मोजणं वेगळं. आणि दिवस पावसाळ्याचे आहेत. समोरचा निबंध वाचा कधीतरी."

कारकून गोदामाच्या आवारात गेला. त्या दुपारी काकू माझ्यावर फडके मारायला आल्या. त्यांनी आधी आजूबाजूला पाहिले आणि मग रागाने चौथ्या खणाची दोरी ओढली. खण हलला नाही. त्यांनी फडके टाकले, माझ्यावर पाय रोवला आणि दोन्ही हातांनी हिसका दिला, तेव्हा कुठे तो किंचाळत बाहेर आला. काकू तशाच बाईंकडे गेल्या.

"बाई, मलाही नापास लिहा. माझ्याच्यानेही उघडत नव्हता."

"तुम्ही दोरीला हात लावलात?" बाईंनी विचारले. बाकीचे त्यांना ऐकूच गेले नाही.

पेटी तपासावी असा काकूंनी केंद्राच्या समितीकडे अर्ज केला. समितीची बैठक दोनदा पुढे ढकलली गेली आणि अखेर जानेवारीत भरली. तोवर हवा कोरडी झाली होती. सर्वांसमक्ष बाईंनी हातमोजा घालून दोन बोटांनी माझी चौथी दोरी ओढली. खण अलगद, निमूटपणे बाहेर आला. समितीतले एक गृहस्थ हसले आणि म्हणाले, "काकू, पेटीलाही तुमची भीती वाटली असेल तेव्हा." सगळे हसले. काकू खाली मान घालून बाहेर गेल्या. माझ्या आयुष्यातले सर्वांत लाजिरवाणे काम मी त्या दिवशी केले, आणि ते होते सुरळीत चालण्याचे.

पण काकूंनी हार मानली नाही. साचेकार काका आजारपणामुळे दूर मुलीकडे राहत होते. काकूंनी त्यांचा पत्ता मिळवून पत्र टाकले. पुढच्या सप्टेंबरात, भर पावसात, ते काठी टेकत आले. सोबत ताणकाटा होता. त्यांनी आकडा माझ्या चौथ्या दोरीला अडकवला आणि ओढू लागले. खण सरकला तेव्हा काटा दोन किलो नऊशे ग्रॅमवर होता.

"सहाशे लिहिलं होतं मी," काका म्हणाले. "कार्ड कुठे आहे?"

चार बोल्ट काढले गेले. मला उलटे केले. कार्ड जसेच्या तसे होते, अक्षर न् अक्षर शाबूत. काकांनी ते मोठ्याने वाचून दाखवले.

"दोष माझा," ते म्हणाले. "कच्चं लाकूड लावलं ते मी, आणि सूचना नको तिथे चिकटवली तीही मी."

बाईंचा चेहरा उतरला होता. "काका, निबंध छापून गेलाय हो," त्या हळूच म्हणाल्या.

"मग तो आता पेटीवरचा निबंध समजा," काका म्हणाले.

पावसाळ्यांत चौथ्या खणाशी अडलेली कुत्री मोजली. ती अठ्ठावन्न निघाली. बरीचशी गोदामातून पुढे कुठे गेली, याचा पत्ता नव्हता. काकूंनी एकाचेच नाव घेतले. बाई म्हणाल्या, "कारकुनाची फेरपरीक्षा घेते. पण नियमाने. खण उघडले, तर त्याच दिवशी तुमच्या भावाच्या नावाने कागद करते." एवढे मात्र त्यांनी प्रामाणिकपणे केले.

काकांनी चौथा खण तासून मेण लावले. ओढ भरली चारशे ग्रॅम. मला हातगाडीवर ठेवून ताडपत्रीखाली गोदामाच्या आवारात नेले. घड्याळजीही आला होता. त्याने दुकानातली एक जागा रिकामी करून तिथे जुने पोते अंथरून ठेवले होते, हे तो सगळ्यांना दोनदा सांगून चुकला होता.

आवाराच्या पहारेकऱ्याने कारकुनाची साखळी सोडली. तिला आकड्याऐवजी कुलूप होते.

"कुलूप कशाला?" काकूंनी विचारले.

"पहिल्या महिन्यात तीनदा आकडा काढला यानं. भारी डोकेबाज! तीनदा चांगला चोपला, मग कुलूप घातलं. आता कशाला म्हणून तोंड लावत नाही. एकदम शहाणा झालाय."

कारकुनाने काकूंना ओळखले. शेपटी दोनदा हलली. घड्याळजीने चिमटा खाली टाकला. कारकुनाने चिमट्याकडे पाहिले, पहारेकऱ्याकडे पाहिले आणि तो जागच्या जागी बसला.

"असू दे," घड्याळजी घाईने म्हणाला. "दमला असेल."

बाईंनी घड्याळाची कळ दाबली. माझा पहिला खण म्हणजे निव्वळ एक झाकण, पिल्लूही उचलील असे. कारकून उठला, माझ्याजवळ आला. त्याला वास आला होता. त्याच्या नाकपुड्या मला जाणवत होत्या. त्याचे नाक झाकणापासून चार बोटांवर थांबले. मग अंगावर काठी पडणार असल्यासारखे त्याने डोळे मिटले आणि तो मागे सरून बसला.

मित्रांनो, त्या दोन मिनिटांत मला जे कळले, ते तुम्हाला सांगते. तुमच्याकडेही मोजण्याची साधने असतील : तराजू, घड्याळे, प्रश्नपत्रिका. त्यांना तेलपाणी करा आणि दुसऱ्याला नापास म्हणण्याआधी त्यांची परीक्षा घ्या. त्यांच्या बुडाशी काय लिहिले आहे, ते उलटून वाचा. कुणी काम सोडून तुमच्या तोंडाकडे पाहू लागला, तर भिंतीकडे तोंड करून बसू नका. लाकूड तासता येते, खण नवा बसवता येतो. मी दुरुस्त झाले होते. त्या दिवशी माझ्यात केसभरही दोष नव्हता.

"कारकुना, उघड रे बाळा," काकू भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. बोलायची परवानगी नव्हती, पण बाईंनी त्यांना अडवले नाही.

वेळ दोन मिनिटे, पूर्ण. उघडलेले खण शून्य.