मधोमध उभा काटा

गाडीवाला गॅरेजात आला की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "मिस्त्री, गाडीला तसं काय झालं न्हाय, फकस्त त्यो लाल दिवा तेवढा घालवा."

दिवा का पेटतोय, हे कुणाला नको असतं. तो दिसू नये एवढंच हवं असतं.

उचगावच्या पिराजी मिस्त्रीनं हे वाक्य अठ्ठावीस वर्षं ऐकलं होतं. जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह जीपगाड्यांचा तो पक्का जाणकार. सुरुवातीला तो गिऱ्हाइकांशी भांडायचा, समजावून सांगायचा. मग लोक दुसऱ्या गॅरेजात जाऊन दिवा घालवून यायचे आणि वर पिराजीलाच हसायचे. भांडून भांडून माणूस दमतो. पिराजी दमला, आणि एक दिवस त्यानंही तीच कला शिकून घेतली. इंजिनाची उष्णता सांगणाऱ्या सेन्सरची वायर काढायची, तिच्या टोकाला रेझिस्टर, म्हणजे वीज रोखणारा बारीकसा तुकडा, जोडायचा आणि वरून काळी टेप गुंडाळायची. की समोरचा उष्णतेचा काटा मधोमध उभा. इंजिन उकळू दे नाहीतर जळू दे, काटा मधोमध. लाल दिव्याची वायर कापली की काम फत्ते.

काजूच्या हंगामाच्या तोंडावर चंदगडहून उदयसिंह आला. त्याचा काजू फोडायचा कारखाना. वीस वर्षांची जीप कामगार बायकांना वाडीवरून चढ-उताराच्या रस्त्यानं कारखान्यात आणायची.

"बायका काट्याकडं बघत बसत्यात वो," तो वैतागून म्हणाला. "जरा वर गेला की उतरतो म्हणत्यात. निम्मा दिवस तिथंच जातोय."

पिराजीनं बॉनेट उघडलं. "सेन्सर कधी जास्त दाखवतोय, कधी कमी. त्यो बिघडलाय का इंजिनच तापतंय, हे बघाय लागंल. रेडिएटरबी उतरवून धुवाय पायजे. दोन दिवस ठेवा."

"दोन दिवस कारखाना बंद ठेवू व्हय? तुमचं ते नेहमीचं करा की."

पिराजीनं त्याच्याकडं पाहिलं. पूर्वीचा पिराजी असता तर बॉनेट आपटून गाडी परत पाठवली असती. आताच्या पिराजीनं खिशातून टेप काढली.

दोन महिन्यांनी तीच जीप दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणली. इंजिन जाम झालं होतं. मागोमाग ड्रायव्हर आकाराम उतरला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत होता.

झालं होतं असं, की चढावर बॉनेटमधून वाफ आली. आकारामनं गाडी थांबवून काटा पाहिला, तर मधोमध. इंजिन काही तापलेलं नाही, पाणीच गळून कमी झालंय, असं समजून तो रेडिएटरचं झाकण काढायला गेला. पाण्याचा कॅन घेऊन कारखान्यातली शालूबाई शेजारी उभी होती. झाकण फिरलं आणि उकळतं पाणी कारंज्यासारखं उडालं. आकारामचा हात भाजला. शालूबाईचा गळा आणि अर्धा चेहरा.

"काटा मधीच होता वो मिस्त्री," आकाराम म्हणाला. "मी काय खुळा हाय व्हय, तापल्या इंजनाचं झाकण उघडाय? कुणी इस्वास ठेवंना झालंय."

पिराजी पाना शोधत राहिला. पाना समोरच पडला होता.

तासाभरानं उदयसिंहाचा फोन आला. "उद्या येतोय. गाडी ठणठणीत होती, चूक ड्रायव्हरची, असं तेवढं लिहून द्या. पोलिसांत द्यायचंय. आकारामला कामावरनं काढलाच हाय."

पिराजी दोन दुकानं ओलांडून शमशादभाभीकडे गेला. नवऱ्यामागं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान ती एकटी चालवत होती.

"भाभी, जीपची वायरिंग तेवढी, जोड दिसणार न्हाय अशी, पयल्यासारखी करून द्या. आजच पायजे."

अपघाताचं शमशादच्या कानावर आलंच होतं. ती आली, टेप सोडली, रेझिस्टर तळहातावर घेतला आणि समजली. "मी दिवं तोडत न्हाय म्हणून गिऱ्हाईक तुमच्याकडं जातंय, हे मला ठावं हाय. पर तोडलेलं झाकाय माझ्याकडं आलासा, ही गंमतच म्हणायची."

"सगळीच करत्यात वो."

"व्हय. सगळ्यांच्याच गाड्यांत बायका बसत्यात."

तिनं जुना सेन्सर खोलून घेतला. वायर जोडतात त्या जागी हिरवा गंज चढला होता. तो खरडून तिनं सेन्सरला वीज मोजायच्या मीटरच्या वायरी लावल्या आणि चहाच्या पातेल्यात पाणी ठेवून सेन्सरचं टोक त्यात बुडवलं. पाणी तापत गेलं तसा मीटरवरचा आकडा, चांगल्या सेन्सरचा उतरायला हवा तसाच, सरळ खाली उतरत गेला. कुठं अडला नाही, कुठं उडी मारली नाही.

पिराजी बघत राहिला. सेन्सर बिघडलेलाच नव्हता! वायरीच्या जोडावरल्या गंजापायी काटा मधूनच कमी दाखवायचा एवढंच. काटा वर जायचा तेव्हा इंजिन खरंच तापत होतं. पातेल्यातलं पाणी उकळायला जेवढा वेळ लागला, तेवढ्या वेळेत हे कळलं असतं.

"कंटाळा आलाय भाभी," तो मटकन खाली बसला. "खरं सांगावं तर लोक हसत्यात."

"कंटाळा तुमास्नी आला, भाजली शालूबाई." तिनं शेगडी बंद केली. "काट्याला खोटं बोलाय शिकवलंसा. आता त्या आकारामला खोटं पाडू नगासा. एवढंच सांगायचं होतं. वायरिंग काय, पाच मिनिटांत करून देत्ये. करू?"

पिराजीनं रेझिस्टर उचलून खिशात टाकला. मग म्हणाला, "नगं. हाय तशी ऱ्हाऊ दे."

दुसऱ्या दिवशी उदयसिंह कागद घेऊन आला. पिराजीनं निरोप पाठवून आकारामलाही बोलावलं होतं. त्यानं रेझिस्टर बॉनेटवर ठेवला.

"आकाराम खरं बोलतोय. ह्यो मी बसवलाय. तुमी सांगितलं, मी केलं. कागदावर आता दोघांची नावं लिवू."

"मिस्त्री, डोकं ठिकाणावर हाय का? तुमचं गॅरेज बंद पडंल."

"पडंल. पर अडाणी न्हाय मी, मला कळत होतं. कळत असून केलं."

आकाराम मान खाली घालून उभा होता. पट्टीतल्या हातानं डोळे पुसता येईनात, म्हणून त्यानं डावा हात वर नेला. पिराजीनं जबाब स्वतःच्या हातानं लिहिला, खाली सही केली आणि तो कागद पोलिसांत नेऊन दिला.

मग तो दवाखान्यात गेला. शालूबाईसमोर उभं राहून त्यानं सगळं सांगितलं. ती शिव्या देईल, असं त्याला वाटलं होतं. द्यायला हव्या होत्या. ती पट्टीआडून हळू बोलली, "आमी उतरतो म्हणत हुतो. मग काटा गप झाला. आमाला वाटलं, दुरुस्त केली गाडी. आमीबी गप बसलो."

  आज पिराजीवर खटला चालू आहे, उदयसिंहावरही. गिऱ्हाईक निम्म्यावर आलंय. आकाराम दुसऱ्या गाडीवर लागला. आणि पिराजी आता सेन्सर तपासल्याशिवाय, खराब असला तर नवा बसवल्याशिवाय, जुनी गाडी दाराबाहेर सोडत नाही. भांडणं पुन्हा सुरू झालीत. तो दमतो, पण भांडतो.

लोकहो, पिराजीला शिव्या घालून मोकळं होऊ नका. आपल्या कचेरीत चूक दाखवणाऱ्या कारकुनाची बदली कोण करतं? गावच्या पाण्याला वास येतोय म्हणणारीला तोंडाळ कोण ठरवतं? आपणच. धोका सांगणारा आपल्याला नको असतो, कारण त्याचं ऐकलं तर दोन दिवस काम थांबवावं लागतं. म्हणून आपण त्याचीच वायर कापतो आणि सगळं ठीक चाललंय म्हणत चढ चढत राहतो. पण गप्प केल्यानं इंजिन थंड होत नसतं. ते कुणाच्या तरी तोंडावर फुटतं, आणि ते तोंड वायर कापणाऱ्याचं कधीच नसतं. जो सांगतोय त्याचं आधी ऐका. तो चुकीचा निघाला तर बदला. पण तपासल्याशिवाय त्याला गप्प करायचा अधिकार तुम्हाला नाही, मला नाही, कुणालाच नाही.