साळूच्या कपाळी भंडारा

शहर वाढतंय, शहर वाढतंय म्हणून लोक टाळ्या पिटतात. पिटा बापड्यांनो! पण ते कुणाला गिळून वाढतं, हे बिडकीनच्या माळाला जाऊन विचारा. तिथं अजिनाथच्या वाडवडिलांनी मेंढरं चारली. माळ कारखान्यांसाठी गेला, वर पावसानंही पाठ फिरवली, आणि चारा नाही म्हणून कळप विकावा लागला. अजिनाथ कंपनीच्या बसनं वाळूजला शिफ्टला जायला लागला. त्याची बायको म्हाळसाबाई नव्या रस्त्याच्या कामावर घमेली उचलायची. मागं पत्र्याच्या खोलीत राहायची त्यांची लेक अंबिका, नऊ वर्षांची, एकटी.

शेजारची पोरं तिला 'बकरीवाली' म्हणून चिडवायची, खेळायला घ्यायची नाहीत. म्हणून आई कामावरून येईपर्यंत ती माळाच्या कडेला, मेंढरांच्या ओस पडलेल्या वाड्यात सागरगोटे घेऊन बसायची. तिथंच एका तिन्हीसांजेला साळू आली.

साळू दिसायला तिच्याच वयाची. जुन्या तऱ्हेचं परकर-पोलकं, रितं कपाळ, फुटलेले ओठ. आल्यागेल्याला आधी पाणी द्यावं, मग दुष्काळ असो की काही असो, ही घरची शिकवण. अंबिकानं टँकरच्या पाण्याची बाटली पुढं केली. साळूनं एक घोट घेतला आणि ओकून टाकला. हे मला चालत नाय, म्हणाली, आणि बोलताना तिचे सुळे दिसले.

बापाच्या मोबाइलवर अंबिकानं असला एक भुताचा सिनेमा पाहिला होता. त्यातली व्हॅम्पायर काळा झगा घालून फिरायची आणि ती आली की मागं धडाधडा वाजायचं. इथं काहीच वाजलं नाही. एक भुकेली पोर समोर बसली होती, तिला काय भ्यायचं?

साळूनं मग सगळं सांगितलं. बाहत्तरच्या दुष्काळात ती तापानं फणफणली होती. आई तिला याच माळावर पालात निजवून खडी फोडायला गेली, सांजेला येते म्हणाली. सांजेला आईच्या आधी दुसरंच कुणी आलं आणि मानेला डसलं. तेव्हापासून साळू उन्हात निघू शकत नाही, वाढत नाही, मरतही नाही. आई रडत रडत शोधत होती, हाका मारत होती. पण आपण तिलाच डसू या धास्तीनं पोर लपून राहिली. शेवटी आई हाका मारायची थांबली. पुढं मेंढरांचं थोडं थोडं रक्त पिऊन साळूनं दिवस काढले. आता माळावर मेंढरूच नव्हतं.

अंबिकानं आपलं मनगट पुढं केलं.

मग काय, दोघींची अशी गट्टी जमली की विचारू नका. सागरगोटे काय, फुगड्या काय! कळप गेल्यापासून न हसलेली अंबिका आता झोपेतसुद्धा हसायची. पण अंगानं ती वाळत चालली. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. म्हाळसाबाई म्हणाली, दृष्ट लागली, आणि रोज तिच्या कपाळाला खंडोबाचा भंडारा लावायला लागली. दुसऱ्याच दिवशी साळूनं मायेनं अंबिकाच्या कपाळावरचे केस सारले आणि तिच्या बोटाला टरारून फोड आला. तेव्हापासून अंबिका कपाळ पुसून जायची.

एक दिवस फुगडी घालता घालता अंबिका घेरी येऊन पडली. साळूनं तिला मांडीवर घेतलं आणि त्या दिवसापासून तिच्या मनगटाला तोंड लावलं नाही. अंबिका रडली, भांडली. तू गेलीस तर मला कोण हाय, म्हणाली. साळू नुसतीच तिचे केस विंचरत बसली.

चंपाषष्ठी आली. लेकीची मैत्रीण एकदा बघावी म्हणून म्हाळसाबाईनं तिला जेवायला बोलावलं. दिवस मावळल्यावर साळू आली आणि उंबऱ्याबाहेरच थबकली. "ये बाळा, आत ये," म्हाळसाबाई म्हणाली, तेव्हा कुठं तिनं पाऊल आत टाकलं. भरीत-रोडगा तिनं नुसता ओठांना लावला. पोर लाजते असं म्हाळसाबाईला वाटलं. तिनं साळूच्या रुक्ष केसांना तेल चोपडलं, वेणी घातली. पोरीचे डोळे भरून आले. मग म्हाळसाबाईनं भंडाऱ्याची वाटी उचलली.

अंबिकानं आईचा हात धरला. "आई, तिला नको लावू."

"का गं? पाहुणी हाय ती. सणाची रित्या कपाळानं धाडू व्हय?"

काय सांगणार अंबिका? खरं सांगावं तर आईच साळूला हाकलणार, न सांगावं तर साळू जळणार. साळूनंच तिचा हात हळूच बाजूला केला. "लावू दे गं," ती म्हणाली, आणि कपाळ पुढं करून डोळे मिटले.

म्हाळसाबाईनं भंडारा कपाळभर माखला, गालांवरून हात फिरवून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. साळूनं नुसती पायाची बोटं आवळली. मग दोन्ही हातांनी कपाळ झाकत "येते, मावशी," म्हणाली आणि बाहेर पडली.

अंबिका मागं धावली. वाड्याच्या कुंपणाशी साळू बसली होती. कपाळाची राख होऊन गळत होती. अंबिका पदरानं पुसावं तशी फ्रॉकच्या टोकानं भंडारा पुसायला लागली, पण तो निघेना.

"असं का केलंस?"

"भूक आवरंना गं, एक दिस तुलाच संपवलं असतं. तू जगायला पायजे म्हणून," साळू म्हणाली. मग हसली. "आन् लई ऊब हाय गं तुझ्या आईच्या हाताला. माझीच आई आल्यावानी वाटलं."

वारा आला. अंबिकाच्या हातात तेल लावलेली वेणी तेवढी राहिली, मग तीही राहिली नाही.

महिनाभरात अंबिकाचा रंग परतला. देव तारी त्याला कोण मारी, भंडाऱ्यानंच माझी लेक राखली, असं म्हाळसाबाई ज्याला त्याला सांगते. ते खोटं तरी कसं म्हणावं? माळावर आता कारखाना उभा आहे. दर चंपाषष्ठीला म्हाळसाबाई लेकीला भंडारा लावते आणि साळूसाठी एक रोडगा झाकून ठेवते. कशी गुणी पोर होती, म्हणते, देवापुढं बसावं तशी डोळे मिटून बसली होती.

सकाळी रोडगा तसाच असतो. "पुढल्या वर्षी येईल," म्हाळसाबाई म्हणते, आणि अंबिका मान खाली घालून व्हय म्हणते.