हिंगाच्या खड्यातलं भूत

१९६३ सालच्या चैत्रात मल्लेश्वरमच्या एका मांडवाबाहेर इतकी गर्दी लोटली की रस्त्यावरची बस दोनदा अडली. आत भस्मानंद स्वामी बसले होते आणि शेजारी सात वर्षांची चंपा. स्वामी कानडीत बोलत, कानडी अडली की संस्कृतात शिरत, आणि संस्कृत अडलं की नुसतंच डोळे मिटत.

"तीन महिन्यांपूर्वी ही मुलगी काडी होती, काडी!" त्यांनी चंपाचा दंड धरून वर केला. "पोट माठासारखं, पाय सुतळीसारखे. इंग्रजी औषधं हरली. माझं भस्म जिंकलं!"

बायकांनी हात जोडले. चंपाने जांभई दिली.

तिचे वडील उमाजीराव राजाजीनगरात माझे शेजारी. त्यांचं तिथे हॉटेल होतं, आणि घरचं जेवणही त्याच चुलीवर व्हायचं. मी शाळेत विज्ञान शिकवत असे, म्हणून स्वामींच्या शिष्यांनी मला मांडवात मागच्या रांगेत बसवलं होतं.

चंपाला वर्षानुवर्षं जुलाब लागलेले. देवनहळ्ळीच्या मठात ठेवली की महिन्याभरात बरी व्हायची. घरी आणली की पुन्हा आजारी. असं दोनदा झालं, आणि आता तिसऱ्यांदा ती मठातून गुटगुटीत होऊन आली होती.

"घरात हिच्यावर एका अतृप्त बाईची सावली आहे," स्वामींनी निकाल दिला. "ज्येष्ठ पौर्णिमेला मुलगी मठाला वाहा. कायमची. तोवर घरी जाऊन सगळ्यांचा निरोप घेऊ दे, आणि या पुडीतलं भस्म रोज चाटवा."

"जय हो!" मांडव गरजला. चंपाची आई सोयराबाई तेवढी गरजली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माझ्या दारात उभी राहिली.

"अण्णा, मुलगी जगावी म्हणून मुलगीच देऊन टाकायची? हे काय सरी, बरोबर आहे का?"

मी तिला आणि चंपाला डॉक्टर वसुमतींकडे नेलं. मुलांच्या आजारांचं शिक्षण विलायतेत घेऊन त्या नुकत्याच परतल्या होत्या. त्यांनी चंपाला तपासलं आणि भलताच प्रश्न विचारला.

"मठात जेवायला काय असतं, अक्का?"

"नाचणीच्या उकडीचे गोळे, आपले मुद्दे, भात, ताक. दुसरं काय? भक्त तेवढंच आणून देतात."

"गव्हाचं काही?"

"मठाच्या चुलीवर गहू चढतच नाही."

"आणि घरी?"

"घरी चपात्या, पुरी, रव्याचा शिरा. बिचारी आजारी म्हणून आम्ही मुद्दाम शिराच भरवतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "युद्धात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशीच काही मुलं सुधारली. पाव परत आला, तशी पुन्हा आजारी पडली. गव्हातल्या चिकट अंशाने त्यांच्या आतड्याला इजा होते. याला सीलिॲक म्हणतात. हिला गहू, रवा, मैदा, सातू, सगळं बंद. कायमचं. आणि स्वामींनी दिलेली पुडी इकडे द्या."

सोयराबाईने भस्माची न उघडलेली पुडी दिली. डॉक्टरांनी तिच्यावर लाख लावून माझ्यासमोर सही केली आणि ती कपाटात टाकली.

पंधरा दिवस चंपा झकास होती. मग एका सकाळी पुन्हा पोट फुगलं, पुन्हा जुलाब. शेजारच्या राजलक्ष्मी अम्मा धावत आल्या. "बघितलंत? भस्म बंद केलं, सावली परत आली!" उमाजीराव तिला मठात न्यायला गाडी ठरवायला निघाले.

"दोन तास थांबा," मी बोलावून आणलेल्या डॉक्टर म्हणाल्या आणि थेट हॉटेलच्या स्वयंपाकघरात घुसल्या. चंपासाठी तांदळाचा डोसा होत होता, पण त्याच तव्यावर आधी रवा डोसा झालेला. तवा उलथण्यासह बाजूला काढला. तरी डॉक्टरांचं समाधान होईना.

"डोशाबरोबरच्या या पातळ सारूत काय घालता?"

"डाळ, चिंच, मिरची, हिंग," आचारी म्हणाला.

मी हिंगाचा खडा फोडून पाण्यात कालवला आणि शाळेतून आयोडीन आणून त्यात दोन थेंब टाकले. पाणी निळंजांभळं झालं.

"यात कसलं तरी पीठ आहे," मी म्हणालो.

हॉटेलला हिंग पुरवणाऱ्या मानसिंग व्यापाऱ्याला बोलावलं, तर तो हसला. "मास्तर, नुसता हिंग जिभेला सोसेल का? मैदा घालूनच खडे वळतात. सगळेच वळतात!"

सोयराबाईने हिंगाचा डबा उचलून दाराबाहेर ठेवला. "म्हणजे मीच रोज वाटीवाटीने..."

"तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. "आता ठाऊक झालं."

चंपासाठी वेगळी चूल मांडली, तवा, पळी, डबे वेगळे. हिंगाऐवजी लसूण. ज्येष्ठ पौर्णिमेला स्वामी वाजतगाजत पालखीतून हॉटेलसमोर उतरले, तेव्हा चंपा दोरीवरच्या उड्या मारत होती.

"भस्माचा प्रताप!" स्वामी कडाडले.

डॉक्टरांनी लाख न फुटलेली पुडी सगळ्यांना दाखवली. घरी आल्यापासून भस्माचा कणही पोटात गेला नव्हता. मठात मुलगी बरी होई ती मठात गहू नव्हता म्हणून, हे त्यांनी शांतपणे समजावलं.

स्वामींनी डोळे मिटले. संस्कृत अडलं असावं. मग म्हणाले, "माझं भस्म कपाटातूनही काम करतं!"

"मग ते मठातच ठेवा की, स्वामी," उमाजीराव पहिल्यांदाच बोलले. "मुलगी इथंच राहू दे."

गर्दी खो खो हसली. पालखी आली त्यापेक्षा बरीच लवकर परत गेली.

लोक मात्र लोकच. आठवड्यात राजलक्ष्मी अम्मांनी गव्हाचा डबा गटारात ओतला आणि नाचणीला हळदकुंकू वाहिलं. गुडघेदुखीवालेही मुद्दे मागू लागले. डॉक्टर संतापल्या. "गहू राक्षस नाही आणि नाचणी देवी नाही! ज्याला हा आजार आहे, त्यानेच गहू सोडायचा. बाकीच्यांनी खुशाल पुऱ्या खाव्यात!"

उमाजीरावांनी हॉटेलात पाटी लावली : 'गहू चालत नसल्यास आधी सांगा. वेगळ्या चुलीवर करून देऊ.' पहिले काही महिने लोक पाटी वाचून हसत. एक दिवस धारवाडची एक बाई खंगलेल्या मुलाला घेऊन आली आणि पाटीपाशीच रडू लागली. 'यात गहू आहे का?' याचं कुठल्याच हॉटेलात तिला कुणी धड उत्तर दिलं नव्हतं.

म्हणून सांगतो. मूल खंगत असेल तर सावली शोधू नका, डॉक्टर शोधा. हॉटेलात बसलात की 'यात काय काय आहे?' असं विचारायला लाजू नका. आणि आचारीबुवा, ठाऊक नसेल तर सरळ 'ठाऊक नाही' म्हणा. समोरच्या ताटावर बसलेल्या एखाद्या मुलाचं आयुष्य तुमच्या तेवढ्या खरेपणावर उभं असतं.