रजईवरून रुसवा

सुतारकाकांनी जुन्या खिडक्या जोडून परसात काचघर उभारलं होतं. थंडीचा कडाका वाढला तसं त्यांनी एकेका फटीत चिंध्या कोंबल्या, आत रॉकेलचा स्टोव्ह पेटवला आणि काकूंची रजई टोमॅटोच्या रोपांवर घातली. त्यावरून सकाळीच खटका उडाला आणि काकांनी अबोला धरला.

दुपारी काकू चहा घेऊन काचघराशी आल्या. "अहो, चहा!"

ओ नाही. काका आत खांबाला टेकून पाठमोरे बसले होते.

"बसा फुगून!" म्हणत काकू वळता वळता काचेतून आत पाहून थबकल्या. कोंडलेल्या हवेत स्टोव्हची ज्योत मिणमिणत विझली, तरी रोपांना जिवापाड जपणारा हा माणूस जागचा हलला नाही. हा रुसवा नव्हता.

दाराला आतून कडी होती. काकूंनी कुंडी उचलून काचेवर हाणली, हात घालून कडी काढली आणि काकांना फरफटत बाहेर आणलं.

गार वारा लागताच काका खोकत शुद्धीवर आले. "काच फोडलीस? रोपं मरतील गं!"

काकूंनी रोपांवरची रजई ओढून आणली आणि काकांभोवती गुंडाळली. "मरू देत. यापुढे हवं तेवढं रुसा, पण हाकेला ओ द्यायची!"